दारातली वसू

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज पुन्हा. समोरच्या नागरत्नाक्का वाटीभर चित्रान्न घेऊन आल्या, बसल्या, गप्पा मारल्या, उठल्या आणि दारात वसूनं त्यांचे केस धरले. दोन्ही हातांनी. सोडवता सोडवता माझा चष्मा खाली. नागरत्नाक्का पंचाहत्तरीच्या, केस ते उरलेत किती! तरी म्हणतात, असू दे अण्णा, लेकरू आहे. एकतीस वर्षांचं लेकरू.

दसऱ्यापासून वसू घरातच. डे सेंटरच्या मॅडम म्हणाल्या, केस ओढणं थांबलं की आणा. म्हणजे आधी पोहायला शिका, मग पाण्यात उतरा.

संध्याकाळी पुण्याहून प्रसन्नचा फोन. इथे बंगळूरलाच, कनकपुरा रोडवरच्या हॉस्टेलमध्ये वसूसाठी एक खोली धरून ठेवलीय म्हणे. संक्रांतीला येतो, तेव्हा काय ते ठरवू. फेब्रुवारीत माझा गुडघा. "ऑपरेशननंतर तुम्ही वॉकर धरणार, अण्णा. तिला कोण धरणार?" पोरगं बरोबर बोलतं, म्हणून जास्त राग येतो.

वसूची आई, शारदा, होती तेव्हा यातलं काही नव्हतं. ती गेली आणि हे सुरू झालं. उगाच.

१३ नोव्हें.

सूनबाईनं, मानसीनं, इंदिरानगरच्या कुणा बाईचा नंबर दिला होता, वसूसारख्यांना शिकवणाऱ्या. गणपतीत वसूनं सूनबाईचेच केस ओढले होते, तरी नंबर तिनंच शोधला. हे आपलं लिहून ठेवतो.

बाई कसली, पोरगीच. ऋजुता नाव. पुण्याची. चप्पल काढायच्या आधी "काका, मी इथे बसू का?" विचारते, आणि वाक्यात चार इंग्रजी शब्द. मला वाटलं गोळ्या लिहून देईल, नाहीतर वसूला शिस्त लावेल. तसलं काही नाही. खाली फरशीवर बसली, वसू ढोबळीच्या बिया वेगळ्या करत होती ते बघत राहिली. मी कॉफी दिली, तीही तिथेच प्यायली.

मग मला विचारते, केस ओढायच्या आधी काय होतं? म्हटलं, काही नाही, उगाच ओढते. म्हणाली, "काका, आठवडाभर 'उगाच' हा शब्द बंद. ती काहीतरी सांगतेय. ते काय, हे आपल्याला अजून कळलेलं नाही, एवढंच."

मला शब्द बंद करणारी ही कोण? निघाली तेव्हा वसूनं तिचेही धरले. मला, खोटं कशाला लिहू, स्वल्प बरंही वाटलं. म्हटलं, आता कळेल.

ओरडली नाही पण. डोकं तसंच ठेवून हळूच वसूची बोटं मोकळी केली आणि "बरं, येते हं वसू" म्हणून गेली.

१५ नोव्हें.

झोप नीट नाही. गुडघा, आणि तो शब्द.

पीण्याच्या कारखान्यात, टूलरूममध्ये जन्म गेला माझा. शिकाऊ पोरं यायची, सर, मशीन उगाच बंद पडलं. मी कडाडायचो, उगाच काही बंद पडत नाही, मागे जाऊन बघ काय झालं ते. सगळ्या शेडला ऐकू जायचं. आणि घरात पोरीच्या बाबतीत मीच दोन वर्षं उगाच-उगाच करत बसलोय.

आज गॅसवाला आला, सिलिंडर ठेवून गेला. वसूनं ढुंकूनही पाहिलं नाही. खालच्या मजल्यावरचे राव भाडेकराराची झेरॉक्स मागायला आले, अर्धा तास डोकं खाऊन गेले. त्यांचे केस मात्र सलामत. मी मनात म्हटलं, यांचे ओढले असते तर चाललं असतं.

१९ नोव्हें., बुधवार

आज काय झालं ते सावकाश लिहितो.

ऋ. आली तेव्हाच सेंटरच्या फरीदा टीचर वसूला भेटायला आल्या होत्या. त्या उठल्या आणि बरोबर दारात वसूनं त्यांचे केस धरले. ऋ.नं मला बाजूला घेऊन विचारलं, पुरुषांना कधी? मी सांगितलं, कधीच नाही. गॅसवाला, राव, कुणी नाही. येताना, का जाताना? जाताना. दरवेळी? मी म्हटलं, आता तू विचारतेस तर, हो, दरवेळी जाताना. बायका, आणि निघताना. इतकं साधं, आणि मला ते आज दिसलं.

मग ती म्हणाली, मी आता निघते आणि यावेळी मागे सरकत नाही. तुम्ही मधे पडायचं नाही. काय वाट्टेल ते झालं तरी.

चप्पल घातली. वसू धावत आली. डावा हात ऋ.च्या डोक्यामागे, केसांत. ऋ. हलली नाही. मी हात खिशात कोंबले. मग वसूचा उजवा हात वर आला आणि तिनं ऋ.च्या दोन भुवयांमधे बोट टेकवलं. अंगठा नाही, पहिलं बोट नाही. करंगळीशेजारचं बोट. टेकवलं, स्वल्प वर नेलं, आणि दोन्ही हात सोडून दिले. आणि हसली.

ऋ. म्हणते, हे काय होतं, काका?

म्हटलं, कुंकू. ती कुंकू लावतेय.

२० नोव्हें.

सकाळी नागरत्नाक्कांना विचारलं. त्या म्हणाल्या, तुम्हाला ठाऊक नव्हतं? शारदम्मा घरातून निघणाऱ्या बायकांना वसूच्या हातानं कुंकू द्यायची. एका हातात करंडा, दुसऱ्या हातानं वसूचं मनगट. रोजचंच. तुम्ही कामावर असायचात.

असायचो खरा. सकाळी अंधारात निघायचो, यायचो तो दिवे लागल्यावर. आपल्या बंगळूरच्या घरांतून बाई बिनकुंकवाची निघत नाही, हे काय मला माहीत नव्हतं? पण तो बायकांचा कारभार. शारदा गेली, तेरावं झालं, आणि तिचा चांदीचा करंडा मी उचलून लोखंडी कपाटात तिच्या साड्यांखाली ठेवला. घरात आता बाई नाही, कुंकू कोण कुणाला देणार, असा माझा हिशोब. वसू समोर उभी होती तेव्हा. तिला मी बायकांत धरलंच नव्हतं.

आणि दोन वर्षं ती पोरगी रिकाम्या बोटानं कुंकू लावायला बघतेय. समोरची घाबरून मागे होते, मग ही डोकं घट्ट धरते, मग ती किंचाळते, मग आम्ही हिला ओढतो. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय.

कपाट उघडलं. करंडा काळा पडलाय. चिंच लावून घासायला बसलो आणि रडू आलं. वसू शेजारी येऊन बसली. करंडा बघितला आणि म्हणाली, "आई." शारदा गेल्यापासून हा शब्द तिनं काढला नव्हता.

२२ नोव्हें.

मला वाटलं, झालं. कुंकू भरलं, करंडा दारापाशीच्या फळीवर ठेवला, आता सगळं सरी, ठीक.

कसलं काय! नागरत्नाक्का आल्या, निघाल्या, वसूनं करंडा उघडला, मूठ भरली, आणि बाईंचं कपाळ, कान, पदर, आमची भिंत, सगळं लाल. वर केस धरलेच. होळीच ती.

ऋ.ला फोन केला. वैतागून म्हटलं, तुझं औषध लागू पडलं नाही. ती म्हणाली, औषध नाही, काका, आत्ता फक्त रोग कळलाय. शिकवायचं पुढेच आहे. पूर्वी आई मनगट धरायची, आता तिला स्वतः थांबायला शिकायचंय. आणि समोरची नको म्हणाली तर नको. कुंकू सगळ्यांना हवंच असतं असं नाही.

मी विचारलं, आणि नको म्हटल्यावर पोरीच्या हातात काय उरणार? यावर ऋ. म्हणाली, तुम्हीच सांगा, तुमच्याकडे काय देतात? म्हटलं, साखर. कुणाच्याही हातावर साखर चालते.

२८ नोव्हें.

आजचं कुणाला दाखवायच्या लायकीचं नाही.

सराव करायला निघणारी बाई हवी. ऋ. एकटी किती वेळा निघणार? तर मी. शारदाची शाल डोक्यावरून घेऊन मी दारात, "बरं, येते हं वसू." ऋ. वसूच्या शेजारी. करंडा उघडायचा, पुढे धरायचा, आणि थांब. 'थांब' म्हणताना ऋ. स्वतःच्या छातीवर तळवा ठेवते. वसूनंही ठेवायचा. मी मान पुढे केली तर एक बोट कुंकू. हात हलवला तर झाकण बंद, साखर.

सुरुवातीला थांबणं म्हणजे डोळ्याची पापणी लवावी एवढंच. तेवढ्यालाही ऋ. शाबासकी देते. मी म्हटलं, याला थांबणं म्हणतात? म्हणाली, काल हेही नव्हतं.

त्यात राव वर आले, पाण्याच्या टँकरचं विचारायला. मी शाल, कपाळभर कुंकू. ते कपाळाकडे बघत राहिले, मी शाल सावरून वेळ सांगितली. टँकर उद्या येतोय.

४ डिसेंबर

वाईट दिवस. चूक माझी.

सकाळी दाराकडची फळी पुसायला काढली, करंडा उचलून वर माळ्याच्या कडेला ठेवला आणि विसरलो. दुपारी कुरियरची पोरगी आली. एरवी मुलगा येतो. सही घेतली, वळली. वसू फळीकडे गेली, फळी रिकामी. तिनं पोरीचे केस धरले. पोरगी रडायला लागली. सोडवल्यावर वसूनं आपलाच हात चावला, दात उमटलेत.

मी ओरडलो. खूप ओरडलो. सगळ्या रस्त्याला ऐकू गेलं असेल. मग करंडा खाली काढून दिला तर घेईना.

ऋ.ला सांगितलं, मी ओरडलो. वाटलं, लेक्चर देईल. नाही दिलं. तिच्या मते, फळी रिकामी दिसल्यावर वसूला "कुठे आहे?" विचारायची काहीच सोय नव्हती. ती सोय करू. आता तळहात उताणा करून दाखवायचा, म्हणजे 'दे'. आणि काका, करंड्याची जागा हलवायची नाही. म्हटलं, मशीनचं हँडल जागचं हलवत नाहीत, मला शिकवू नको. हसली.

त्या कुरियरच्या पोरीला फोन करून माफी मागितली. परवागिल्ला अंकल म्हणाली, असू दे.

११ डिसें.

फरीदा टीचर आल्या. केस स्कार्फखाली नीट बांधून. येताहेत हेच पुष्कळ. ऋ.नं त्यांना आधी सगळं समजावलं होतं.

निघताना वसूनं करंडा पुढे धरला. तळवा छातीवर. फरीदा टीचरनी हात हलवला, मानेनं नाही म्हणाल्या. हसून, पण स्पष्ट. वसूचं तोंड पडलं. तिचा डावा हात उचलला जाताना मी बघितला. मग तो हात करंड्याच्या झाकणावर गेला. झाकण बंद. आणि साखरेचा डबा.

फरीदा टीचरनी साखर तिथेच तोंडात टाकली. बाहेर पायरीवर डोळे पुसत होत्या. मॅडमशी बोलते म्हणाल्या.

१८ डिसें.

आज जे झालं ते शारदाला सांगायला हवं होतं.

नागरत्नाक्का. त्यांचे यजमान गेले त्याला फार वर्षं झाली. शारदा सगळं रीतीप्रमाणे करायची, म्हणजे इतर बायकांना कुंकू, आणि नागरत्नाक्कांच्या वेळी वसूचं मनगट घट्ट धरून ठेवायचं. हे मला त्यांनीच परवा हसत सांगितलं. आता मनगट धरायला कुणी नाही आणि वसूला सवाष्ण-बिवाष्ण काही कळत नाही.

निघाल्या. वसूनं करंडा धरला, थांबली. गेल्या खेपेच्या होळीनंतर ही पहिलीच वेळ. नागरत्नाक्का एक पाऊल मागे. "ननगे बेडम्मा," म्हणाल्या, मला नको गं. वसूनं झाकण लावलं, साखर दिली. एकदम शहाण्यासारखं. मी म्हटलं, भले!

त्या पायऱ्या उतरल्या. फाटकापर्यंत गेल्या. आणि परत आल्या. वसूसमोर उभं राहून मान खाली केली.

वसूनं झाकण उघडलं. एक बोट. थोडंही इकडेतिकडे नाही.

मी आत स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभा राहिलो.

२७ डिसें.

सेंटरच्या मॅडमनी हो म्हटलंय. पूर्ण हो नाही. जानेवारीत रोज सकाळी तेवढं, दुपारी जेवायच्या आत घरी. संक्रांतीनंतर पुढचं बघू. त्यांना कुंकवाच्या पुडीची धास्ती, टिकल्यांचं पाकीट चालेल का विचारत होत्या. घरी करून पाहिलं. वसूनं टिकली घेतली, बघितली आणि माझ्या चष्म्याला चिकटवली. टिकली रद्द. सेंटरला फक्त साखर, घरी कुंकू, असं ठरलंय. हा फरक तिला कळेल का, मला शंका. ऋ.ला नाही.

प्रसन्नला फोनवर सगळं सांगितलं. ऐकून घेतलं. म्हणाला, चांगलं आहे, अण्णा, पण दोन दिवस नीट वागणं म्हणजे... वाक्य पुरं केलं नाही. खोली अजून धरलेलीच आहे.

६ जानेवारी

सेंटर सुरू. काल छान. आज नवीन स्वयंसेविका, तिला कुणी सांगितलंच नव्हतं. ती साखर न घेता घाईत निघाली आणि केस. थोडेच, लगेच सोडले. मॅडमचा फोन आला. मला वाटलं, संपलं. तर त्या म्हणाल्या, चूक आमची, उद्या आणा.

फोन ठेवून खुर्चीत बसून राहिलो. आतापर्यंत चूक आमची असं मला वसूच्या बाबतीत कुणी म्हटलं नव्हतं.

१४ जाने., संक्रांत

प्रसन्न आणि मानसी काल रात्रीच्या बसनं आले. मानसी घरात शिरल्यापासून केसांचा घट्ट अंबाडा. तिला दोष नाही. माझ्याही समोर वसू असते, पण माझ्याकडे ओढायला केस कुठेत?

दुपारी इथलं एळ्ळु-बेल्ल, आपला तिळगूळ, दोन्ही. शारदा गेल्यावर घरात पहिलं हळदीकुंकू. मी गुडघ्यामुळे एका जागी, सगळं नागरत्नाक्का आणि मानसीनं केलं. गल्लीतल्या बायका आल्या, काही जणी जरा बिचकतच. वसू दाराशी उभी, करंडा आणि साखर. ऋ. आली होती, पण लांब बसली, कोपऱ्यात, मुद्दाम. एका बाईचा मोबाइल वाजला, ती बोलत बोलतच निघाली, वसूकडे लक्ष नाही. वसूचा डावा हात वर गेला. मग तिनं तो छातीवर ठेवला आणि स्वतःलाच म्हणाली, "थांब."

बाईनं फोन खाली घेतला. कपाळ पुढे केलं.

प्रसन्न खिडकीशी होता. त्यानं पाहिलं. जेवताना वसूच्या ताटात तूप त्यानंच वाढलं.

१६ जाने., शुक्रवार

सकाळी ते दोघं निघाले. खाली टॅक्सी हॉर्न वाजवतेय. प्रसन्न बॅगा घेऊन उतरला.

मानसी दारात. परवाच्या हळदीकुंकवाला ती यजमानीण, म्हणून वसूपुढे तिची वेळ आलीच नव्हती. आता एकटी. हात अंबाड्यावर गेलेला. वसूनं करंडा उघडला, धरला, तळवा छातीवर. थांबली. हॉर्न. मानसी हलेना, ना पुढे ना मागे. वसूनं छातीवरचा तळवा आणखी दाबला, पण थांबली. मला वाटलं आता मीच ओरडेन.

मानसीनं अंबाडा सोडला. केस मोकळे. पुढे झाली आणि म्हणाली, "लाव, वसू. मला परत यायचंय."

एक बोट. बस.

खाली प्रसन्न टॅक्सीचं दार धरून उभा होता. मी कठड्यावरून बघत होतो. मानसीचं कपाळ बघितलं त्यानं. मग वर माझ्याकडे बघून म्हणाला, "अण्णा, त्या खोलीचं... पुण्याला पोचलो की फोन करतो."

मी म्हटलं, सरी.

१७ जाने.

फोन नाही आला अजून. पोचल्याचा मेसेज आला, तेवढाच. बोलत असतील दोघं. बोलू देत.

वसूला सेंटरला सोडून बाजारात गेलो. करंडा संक्रांतीत तळाला गेलाय. आमचा तो जुना पूजेच्या सामानाचा दुकानदार विचारतो, एष्टु कोडली, सर? किती देऊ?

मी उभाच. आठवड्याभराची पुडी घ्यावी? फेब्रुवारीत गुडघा. तोवर काय ठरेल, काय नाही. मागे एक बाई घाईत होत्या, त्यांना पुढे जाऊ दिलं.

मग म्हटलं, अर्धा किलो दे.

तो हसला. अर्धा किलो? घरात लग्न आहे का, अण्णा?

म्हटलं, नाही. घरात मुलगी आहे.